सुजलेल्या गालाचा भाव

मोमोरी सर निवृत्त झाले तेव्हा फेंगेदू गावातल्या निम्म्या पुरुषांनी सुटकेचा श्वास सोडला. बत्तीस वर्षं त्यांनी गावाला गणित शिकवलं होतं, आणि ज्यांच्या डोक्यात शिरलं नाही त्यांच्या पाठीवर उमटवलं होतं. पण हा आनंद दोनच महिने टिकला. सरांनी निवृत्तीचे पैसे घातले, दलदलीकाठचा एक तुकडा खणायचा परवाना काढला, पाणी उपसायचा पंप आणला, आणि हिरे शोधायला सहा माणसं लावली. सहाही त्यांचेच विद्यार्थी. त्यातले चार नापास.

मी फिंडा. या सहा जणांना रांधून घालायचं काम माझं. करार असा होता, की तांदूळ, पाम तेल, सुकी मासळी, फावडी आणि पंपाचं डिझेल सरांचं. मेहनत पोरांची. हिरा निघाला तर विकून येईल त्यातलं अर्धं सरांचं आणि अर्ध्यात सहा वाटे. नाही निघाला तर सगळ्यांनी मिळून देवाचं नाव घ्यायचं. करारात माझं नाव नव्हतं. भात शिजवणारीला भात.

पहिले तीन खड्डे कोरडे गेले. कोरडे म्हणजे पाणी गळ्यापर्यंत, हिरा मात्र नाही. सरांचा पैसा आटत गेला तशी मासळी लहान होत गेली. शेवटी शेवटी रश्शात मासा शोधणं हे खड्ड्यात हिरा शोधण्याइतकंच अवघड झालं. तरी पोरं सरांपुढे ब्र काढत नसत. चाळिशीतला बाप्या असला तरी सर काठावर आले की कमरेएवढ्या पाण्यात ताठ उभा राहायचा. सर अजून त्यांना हजेरीच्या नंबरानं हाक मारत.

"नंबर सतरा! चाळण अशी धरतात?"

नंबर सतरा म्हणजे कोम्बा. तोंडाळ, पण फक्त सरांच्या पाठीमागे.

चौथ्या खड्ड्यात मानीला हिरा सापडला. मानी आडदांड, बैलासारखा, आणि बैलाएवढंच बोलणारा. पाण्यात चाळण गरगर फिरवता फिरवता तो एकदम खाली बसला. मला वाटलं विंचू चावला. मग बघते तर सहाही जण चाळणीभोवती वाकलेले. मधोमध, ओल्या खडीवर, वाटाण्याहून मोठा पिवळट खडा, तेल चोपडल्यासारखा चमकत होता.

"कुणी ओरडू नका," टोळीचा म्होरक्या साहर कुजबुजला. "खोका. म्हणजे नेहमीसारखं वाटेल."

सगळे खोकायला लागले. पलीकडच्या खड्ड्यातून लगेच कुणीतरी विचारलं, "काय रे, हिरा सापडला काय?"

इथून पुढे आमची खरी पंचाईत सुरू झाली. कोइडूच्या बाजाराला जाणारी गाडी होती सोमवारी आणि हा शुक्रवार. तीन दिवस खडा ठेवायचा कुणाजवळ? कोम्बाजवळ ठेवला तर बाकीच्या पाचांना झोप येणार नाही. साहरजवळ ठेवला तर कोम्बा झोपू देणार नाही. सर म्हणाले, "माझ्याकडे द्या, मी तुमचा गुरू आहे." सगळे नम्रपणे जमिनीकडे बघत राहिले. द्यायला कुणी हात पुढे केला नाही.

तेव्हा माझी दाढ पाच दिवसांपासून ठणकत होती. गाल सुजून पपईसारखा झालेला. हनुवटीखालून डोक्यावर फडकं बांधून, आत लवंगा दाबून मी चुलीपुढे बसले होते. मानी माझ्याकडे बराच वेळ बघत होता. मग त्यानं महिन्याभरातलं पहिलं वाक्य उच्चारलं.

"मावशीच्या गालात ठेवा."

आणि खरंच, त्या सुजेत आणखी एक वाटाणा कुणाच्या लक्षात येणार होता? खडा चिंधीत बांधून माझ्या फडक्यात खोचला. तीन दिवस सहाही जण माझ्या गालावर डोळे लावून बसले. माझ्या नवऱ्यानंसुद्धा हयातीत माझ्याकडे इतकं बघितलं नव्हतं.

सोमवारी आम्ही आठही जण कोइडूला गेलो. एवढी माणसं कशाला, असं गाडीवाल्यानं विचारलं. साहरनं सांगितलं, "मावशीची दाढ काढायची आहे." गाडीवाल्यानं सहा दांडग्या पुरुषांकडे आणि कोट घातलेल्या मास्तरांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "मुळं खोल गेलेली दिसतात."

बाजारात व्यापाऱ्यांच्या पेढ्या ओळीनं आहेत. सरांनी सगळे कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून आणले होते. चोरवाटेनं सीमेपलीकडे विकणं त्यांना मान्य नव्हतं. "आपण परवान्याचा माल विकणारे," ते म्हणाले. पहिल्या पेढीत दोघांनाच आत सोडलं, सर आणि मी. मी फडक्यातून चिंधी काढली. व्यापाऱ्यानं खडा चिमट्यात धरला, भिंगाखाली बघितला, आणि शेजाऱ्याच्या मयताची बातमी ऐकल्यासारखं तोंड केलं.

"सात कॅरट आणि थोडं," तो म्हणाला. "पण रंग पिवळा आहे, मास्तर. तुमची अपेक्षा काय?"

कुणी प्रश्न विचारला की बिनचूक उत्तर द्यायचं, हा सरांचा जन्मभराचा धर्म. त्यांनी कोट सारखा केला आणि चारही खड्ड्यांचा खर्च पाढे म्हणावेत तसा म्हणून दाखवला. तांदूळ इतका, डिझेल इतकं, पंपाचा पट्टा दोनदा तुटला तो इतका. "एकूण एक कोटी आठ लाख लिओन."

"वा," व्यापारी म्हणाला. "मग मी एक कोटी वीस देतो. बारा लाखांचा निव्वळ फायदा."

सरांचा चेहरा उजळला. गणित बरोबर होतं ना! ते हो म्हणणार एवढ्यात खिडकीबाहेर सहा जण एकदम खोकले, आणि मी खडा उचलून चालती झाले.

दुसऱ्या पेढीत पोचेपर्यंत आमच्याआधी फोन पोचला होता. त्या व्यापाऱ्यानं खडा नीट बघितलासुद्धा नाही. "आत डाग आहे. एक कोटी दहा."

"अहो, पण पलीकडे एक वीस म्हणाले!" सर कळवळून म्हणाले.

"मग पलीकडे जा. आता ते एक कोटी म्हणतील."

बाहेर येऊन सर पायरीवर बसले. बत्तीस वर्षांत फळ्यावर कधी असं गणित आलं नव्हतं, की जितकं चालावं तितकं उत्तर लहान होत जावं. कोम्बा भिंतीकडे तोंड करून पुटपुटला, "आणि आम्हाला हातचे विसरलो म्हणून छड्या."

मला एव्हाना डोळ्यांपुढे काजवे दिसत होते. तोंड उघडलं की कळ थेट कानात जायची. तरी मी म्हटलं, "शर, बाजारात भाजीवालीला आपण घरात किती पैशे आहेत ते शांगतो का?"

"नाही."

"मग त्यांना खर्च कशाला शांगितला? आता तुम्ही गप्प बशा." आणि टोपलीवाल्या बाईकडून सुपारीसारखा चघळायचा एक कोला घेऊन तो सरांच्या हातात ठेवला. "हा तोंडात धरा. बाहेर येईपर्यंत शोडायचा नाही."

कोला किती कडू असतो हे ज्यानं चघळलाय त्यालाच ठाऊक.

तिसरी पेढी तौफिकची. त्याचा आजा लेबनॉनहून आलेला, पण तो स्वतः कोइडूत जन्मलेला आणि कोनो भाषेत आमच्याहून सफाईनं शिव्या देणारा. डोक्यावर पंखा भणभणत होता. त्यानं खड्याचं वजन केलं, तो दिव्याखाली फिरवला, सुस्कारा टाकला.

"ये मावशी, बस. खरं सांगू? धंदा पार बसलाय. तुझ्यासाठी म्हणून एक कोटी."

नेमकी तेव्हाच दाढेतून सणक गेली. मी डोळे मिटले आणि नाकातून "हंऽऽ" असा आवाज निघाला.

तौफिकनं खडा पुन्हा दिव्याखाली धरला. मग म्हणाला, "बरं, एक साठ."

पंख्याचा गार वारा थेट दाढेवर येत होता. मी खुर्चीच्या कडेला सरकले.

"अगं, उठतेस कशाला? मी शेवटचं कुठे बोललोय? दोन कोटी." त्यानं सरांकडे पाहिलं. सरांचे डोळे कोल्याच्या कडूपणानं बाहेर आले होते, कपाळाची शीर ताठ झाली होती. तौफिक जरा मागे सरकला. "मास्तर, रागवू नका. आपण माणसं आहोत. काहीतरी गार पिऊ या."

बर्फात ठेवलेली लिंबू सोड्याची बाटली आली. पाहुणचार नाकारायचा नसतो, म्हणून मी एक घोट घेतला.

त्या घोटाचं वर्णन मला आजही करता येणार नाही. मी ताडकन उठले, बाटली टेबलावर आपटली आणि दारापर्यंत गेले.

"तीन कोटी!" तौफिक ओरडला. "तीन वीस! मावशी, मला बायकोमुलं आहेत!"

मी दाराच्या चौकटीला कपाळ टेकवून उभी राहिले. खिडकीत सहा तोंडं, सगळी उघडी. परत येऊन बसले ती उभं राहवेना म्हणून. तौफिकनं भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. त्यालाच आता त्या खड्यात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायला लागलं असावं. हिला याहून जास्त काय ठाऊक आहे, असा त्याचा चेहरा.

"चार," तो म्हणाला.

चार कोटी ऐकल्यावर मी मान डोलवणारच होते. देवाशपथ. पण मान हलवली की कळ यायची, म्हणून मान तशीच आखडून धरली.

"बाई आहे की दगड!" तौफिकनं कपाळावरचा घाम पुसला. "पाच. पाच वीस. आता याच्यावर एक लिओन नाही. यानंतर तू हंऽ म्हणालीस तर मी दुकान बंद करून आजोबाच्या गावी जाईन."

मला फक्त हे सगळं संपायला हवं होतं. मी दात-ओठ खाऊन मान हलवली. सरांनी कोला गिळला.

कागद झाले, अंगठे झाले, सह्या झाल्या. नोटांची गाठोडी मोजून मांडीवर आल्यावर तौफिकनं हात जोडले. "तीस वर्षं या खुर्चीत बसतोय. असा चेहरा पाहिला नाही. कुठं शिकलीस?"

"दाढ," मी म्हटलं.

"काय?"

"दाढ दुखतेय हो. आठ दिवश."

तौफिक माझ्याकडे बघत राहिला. मग सोड्याच्या बाटलीकडे, मग पंख्याकडे. आणि मग इतका हसला, इतका हसला, की त्याच्या कारकुनानं धावत येऊन त्याच्या पाठीवर थापा मारल्या.

सरांना मात्र हसू आलं नाही. "तुम्ही एक कोटीपासून सुरुवात केलीत," ते म्हणाले. "आणि पाच वीसला घेतलंत. म्हणजे आम्ही एकला विकलं असतं तर चार कोटी वीस लाखांची चोरी झाली असती."

"चोरी कसली, मास्तर? तुम्ही राजीखुशीनं दिलं असतं."

"कारण आम्हाला माहीत नव्हतं."

"तेच तर मी विकत घेतो," तौफिक डोळे पुसत म्हणाला. "माझ्याकडून जो घेतो, तोही माझ्यापुढे मयताचं तोंड करतो. त्याच्यापुढे परदेशातला. मीसुद्धा तिथे कोटी कमीच घेऊन परत येतो. माझी दाढ दुखत नाही ना!"

त्यानंच मला गल्लीतल्या दात काढणाऱ्याकडे पाठवलं आणि पैसेही दिले. चार जणांनी मला धरलं. बाकीच्या दोघांनी गाठोडं धरलं, आणि सरांनी त्या दोघांना.

गावी परतल्यावर आंब्याखाली वाटणी झाली. सरांनी फळा आणला. दोन कोटी साठ लाख सरांचे. दोन कोटी साठ भागिले सहा. सर लिहीत होते आणि पोरं नेहमीसारखी गप्प बसली होती. बोलायला आता मला काही अडचण नव्हती.

"आणि माझा वाटा?"

सगळ्यांनी एकदम माना डोलावल्या. मावशीला द्यायलाच हवं! मावशी नसती तर एक वीसला गेला असता! याबद्दल गावात दुमत नव्हतं. फक्त द्यायचं कुणाच्या वाट्यातून, एवढाच प्रश्न होता. पोरांचं म्हणणं, सरांच्या अर्ध्यातून. सरांचं म्हणणं, करारानुसार स्वयंपाक मजुरीत येतो, मजुरांनी बघावं. साहरनं सुचवलं की मला मानाचं उपरणं आणि एक बोकड द्यावा.

"बोकड शिजवणार कोण?" मी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडेच बघितलं, म्हणून दुसऱ्या दिवशी मी चूल पेटवली नाही.

सकाळी त्यांना मजा वाटली. दुपारी कोम्बानं भात टाकला. खाली कोळसा, मधे चिखल, वर कच्चे तांदूळ, असा तीन थरांचा भात मी पहिल्यांदाच पाहिला. भाजीची कसाव्याची पानं आधी कुटायची असतात हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी ती बकरीला घालावीत तशी अख्खी उकडली. मानीनं एक घास घेतला, ताट खाली ठेवलं, आणि उठून सरांच्या पुढे जाऊन उभा राहिला.

"सर," तो म्हणाला. "अर्धं का?"

असा प्रश्न सरांना कुणी विचारला नव्हता. शिष्य उत्तरं द्यायचे, प्रश्न सर विचारायचे. ते उठले, खडू घेतला. "कारण तीन खड्डे वाया गेले तेव्हा माझं निवृत्तीचं सगळं त्यात गेलं. घरावरचे पत्रे विकले मी. तुमचं काय गेलं?"

हे खरं होतं. त्यांच्या घरात पाऊस पडायचा हे आम्ही पाहिलं होतं. पोरांच्या माना खाली गेल्या.

"आमची दोन वर्षं गेली, सर," मानी म्हणाला. "ती फळ्यावर मांडा."

सरांनी खडू फळ्याला लावला. दोन वर्षांचा आकडा काय लिहायचा? सहा माणसांची कंबर, साहरचा खोकला, मातीखाली गाडला जाता जाता वाचलेला कोम्बा. शेवटी त्यांनी आधीचं सगळं पुसलं आणि लिहिलं: सर, दोन कोटी चाळीस. पोरं प्रत्येकी चाळीस लाख. फिंडा, चाळीस लाख.

"वीस माझ्यातून, वीस तुमच्यातून," ते म्हणाले. "कुणाला शंका?"

कोम्बानं हात वर केला. "बेरीज जुळते का सर?"

"तू करून बघ, नंबर सतरा."

कोम्बानं बोटांवर, मग काड्यांवर, मग मानीच्या बोटांवर केली. जुळली. त्याच्या आयुष्यातली ही पहिली बरोबर आलेली बेरीज. त्या आनंदात त्यानं सरांना मिठीच मारली, आणि सर इतके गांगरले की त्यांनी त्याला "बस खाली" असं म्हटलं.

संध्याकाळी मी सुक्या मासळीचा रस्सा केला. या वेळी मासे मोठे होते.

दोन महिन्यांनी तौफिक स्वतः मोटारसायकलवरून गावात आला. खड्डे बघायला, म्हणाला. खरं तर पुढचा खडा थेट त्याच्याकडेच यावा म्हणून. मी त्याला जेवायला बसवलं, भात वाढला, आणि रश्शाचा डाव हातात धरून विचारलं, "आमचा खडा पुढे कितीला गेला?"

"अगं, ते धंद्याचं गुपित..."

मी डाव भांड्यात परत ठेवला.

"नऊ कोटी साठ," तौफिक म्हणाला. "वाढ."

मी वाढलं. सगळ्यांचे हात ताटातच थांबले होते. कोम्बानं पहिल्यांदा सरांच्या देखत शिवी हासडली, आणि सरांनी त्याला टोकलं नाही. त्यांनी काटकीनं जमिनीवर वजाबाकी मांडली, उत्तर पाहिलं, आणि पायानं माती सारखी केली.

"आणि पुढे? अंगठीत बसल्यावर?" साहरनं विचारलं.

"ते मलाही कुणी सांगत नाही रे," तौफिक म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता असं मला वाटलं. दुसऱ्यांदा भात घेताना त्याला जरा लाज वाटली असावी. तो हळूच म्हणाला, "पुढच्या खेपेला आधी राजधानीत सरकारी मूल्य ठरवणाऱ्याला दाखवा. तो घेत नाही, फक्त आकडा सांगतो. आकडा घेऊन माझ्याकडे या. मी शिव्या देईन, पण देईन."

"तुमचं नुकसान नाही का?" सरांनी विचारलं.

"आहे. पण या बाईसमोर पुन्हा बसण्यापेक्षा बरं."

सरांनी पत्रे परत घातले आणि उरलेल्यातून पाचवा खड्डा खणायला घेतला. कोम्बानं मोटारसायकल घेतली. ती तिसऱ्या दिवशी आमच्या पहिल्या खड्ड्यात पडली, आणि ती वर काढायला जेवढी माती उपसावी लागली तेवढ्यात आणखी एक चाळण धुऊन झाली. त्यातून काही निघालं नाही. साहरनं मुलीचं लग्न केलं. मी माझे पैसे बहिणीच्या मुलीच्या परिचारिकेच्या शिक्षणाला दिले, आणि थोडे एका चांगल्या भिंगाला.

मानी मात्र पैसे मिळाले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून कामावर आला नाही. ज्याला हिरा सापडला तोच पहिला बाहेर पडला. चाळीस लाखांत त्यानं दलदलीचा पलीकडचा तुकडा खंडानं घेतला, दोन बायकांना मजुरीवर लावलं, आणि भात लावला. आम्ही काठावरून हसायचो. कोम्बा ओरडायचा, "अरे बैला, खाली हिरे आहेत आणि तू वर गवत लावतोस!" मानी पुढचं रोप खोचायचा.

पाऊस सरल्यावर पीक आलं. आमच्या टोळीचा तांदूळ संपला होता, म्हणून सरांनी मला त्याच्याकडेच पाठवलं. त्यानं पोतं पुढे ठेवलं आणि भाव सांगितला. मी डोळे मिटले, "हंऽऽ" केलं, दारापर्यंत गेलेसुद्धा. मेल्यानं एक लिओन कमी केला नाही.